सेनापतीनं वजीर का घेतला नाही

१

त्या पितळी पाटीवर माझी नजर गेली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण हातात गरम उपम्याची बशी असली की पुणेकर शंका नंतर काढतो.

साल एकोणीसशे नव्याण्णव. एरंडवण्यातल्या एका बंगल्यात शितोळे सिस्टिम्सचं ऑफिस होतं. दिवाणखान्यात मधोमध टेबल, टेबलावर सेनापती. सेनापती म्हणजे हत्तीवर बसलेला कोणी नव्हे, दुधाच्या सायीच्या रंगाचा एक कॉम्प्युटर. बुद्धिबळ खेळायचा. गेल्या दोन वर्षांत पुण्या-मुंबईतल्या भल्याभल्यांना त्यानं पाणी पाजलं होतं आणि स्वतः एकही डाव हरला नव्हता. त्या रविवारी सकाळी त्याची गाठ श्यामसुंदर खाजगीवाल्यांशी होती. हे गणिताचे निवृत्त मास्तर, पंचाहत्तरीचे. पंच म्हणून मी.

मी पद्मजा रिसबूड. नोकरी विमा कंपनीत झाली, दावे तपासण्याची. आग लागायच्या आधीच रिकामी झालेली गोदामं मी इतकी पाहिली आहेत की माणसाच्या बोलण्यापेक्षा मी त्याचं आधी काय नि नंतर काय ते बघते. बुद्धिबळाचं पंचपण हा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्यात निदान कोणी रडत नाही.

कंपनीचे मालक जयसिंग शितोळे सुटाबुटात पुढे आले. "आजचा डाव होणार नाही," ते म्हणाले. "सेनापती आजपासून निवृत्त होतोय. अपराजित."

त्यांनी मखमलीचं फडकं ओढलं. खाली कोरलेली पितळी पाटी. 'सेनापती. अपराजित. निवृत्त १९९९.' अक्षरं सुबक होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पत्रकारांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "शिखरावर असतानाच उतरावं."

"उतरावं की," खाजगीवाले शेजारून पुटपुटले. "पण लोकांना बोलावून ठेवून उतरू नये."

मग जयसिंगरावांनी मला केबिनमध्ये नेलं आणि दार लावलं. "पद्मजाताई, तुम्ही पंच, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. सेनापती गेला. आतलं सगळं कोणीतरी पुसून टाकलंय. सकाळी मशीन लावलं तर कोरं. अब्रू वाचवायला निवृत्ती जाहीर केली. दुसरं करणार काय?"

"कोणी पुसलं?"

"तुमच्याच घरी राहतो तो," ते म्हणाले. "दिग्विजय."

२

दिग्विजय माझ्याकडे दोन वर्षं पेइंग गेस्ट होता. मूळ परभणीचा, शितोळ्यांकडे प्रोग्रामर. वडील नाहीत, आई यमुनाबाई अंगणवाडीत. दर दिवाळीला त्या बाई माझ्यासाठी तिळाची चटणी पाठवतात. पुढच्या महिन्यात कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार होती. घराण्यात विमान आतून बघणारा तो पहिलाच.

बंगल्याच्या मागच्या पायऱ्यांवर तो बसला होता, हात गुडघ्यांत घालून.

"सरांनी काय सांगितलं तुला?"

"संध्याकाळपर्यंत कबूल कर आणि राजीनामा दे म्हणाले. नाहीतर पोलीस."

म्हणजे दोन्हीकडून मेला. कबूल केलं तर पुण्यातली एकही कंपनी त्याला दारात उभं करणार नाही, आणि नाही केलं तर पोलीस चौकीत नाव लागलेल्या पोराला अमेरिका व्हिसा कशाला देईल? मला त्याचा राग आला. निर्दोष माणसं इतकी गप्प बसतात की बघवत नाही.

"तू पुसलंस?"

"नाही काकू."

"काल संध्याकाळी शेवटी कोण होतं ऑफिसात?"

"मी निघालो तेव्हा सर होते. पण सर म्हणतात, ते आधी गेले. माझ्याकडं चावी हाय, मग मी काय दाखवणार?"

"मग ते तुझ्यावरच का घसरले? काही झालं होतं तुमच्यात?"

तो पायरीवरच्या मुंगळ्याकडे बघत राहिला. "शुक्रवारी मी त्यांना एक गोष्ट सांगितली. कुणाला बोलणार नाही असा शब्द घेतला त्यांनी."

"अरे, तो माणूस तुला चोर ठरवतोय."

"ते त्यांच्यापाशी, काकू. शब्द मी दिलाय ना."

मला वाटलं एक लगावून द्यावी. आणि वाटलं, यमुनाबाईंनी पोर चांगलं वाढवलंय. दोन्ही एकदमच वाटलं.

३

सेनापतीच्या शेजारी रुपाली बसली होती. लोणी काळभोरहून रोज बसनं येणारी हुशार मुलगी. यंत्राची चाल पटावर मांडायची आणि समोरच्याची चाल यंत्रात भरायची, हे तिचं काम. त्या कोऱ्या पडद्यासमोर ती उगाचच बसून राहिली होती.

"मॅडम, दिग्या असं करूच शकत नाही. ही वॉज लाइक... सेनापतीला रोज गुड मॉर्निंग म्हणायचा."

"शुक्रवारी काय झालं?"

"तो सरांच्या केबिनमध्ये गेला. बाहेर आला तर एकदम गप्प. मी सरांना चहा द्यायला गेले तर सर भिंतीवरच्या फोटोकडं बघत बसलेले. चहा तसाच गार झाला."

तो फोटो मी पाहिला होता. एका जुन्या कॉम्प्युटरसमोर दोन तरुण, एक जयसिंगराव, दुसरा चष्म्यातला सडपातळ मुलगा. फोटोला चंदनाचा हार.

"तो दुसरा कोण?"

"वैजनाथ चौसाळकर. अंबाजोगाईचे. सरांचे रूम पार्टनर होते, काविळीनं गेले. सर म्हणतात, बुद्धिबळाचं वेड त्याचं, कॉम्प्युटरचं माझं."

"आणि हा सेनापती कोणी लिहिला?"

"सरांनी. नव्वद साली. आम्ही फक्त बाहेरचं बघतो, स्क्रीन, घड्याळ वगैरे. आतल्या गाभ्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही. तो सर सोडून कुणी उघडलेलाच नाही."

"सरांनी तरी शेवटचा कधी उघडला?"

"मी आल्यापासून तर नाही. गरजच पडली नाही ना मॅडम. हरलाच नाही कधी." ती पडद्यावर हात फिरवत म्हणाली, "किती ग्रेसफुल खेळायचा. प्यादं शेवटच्या घरात गेलं की सगळे हावरटासारखा वजीर मागतात. हा एकदा हत्ती घेऊन थांबला, एकदा उंट. पेपरात मथळा होता, 'यंत्राचा संयम'."

तो मथळा मलाही आठवत होता. त्या दोन्ही डावांना मीच पंच होते, आणि नियमात बसतं म्हणून मीही मान डोलावली होती. प्याद्याच्या बदल्यात काय घ्यायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. कमी घेतलं म्हणून पंच तक्रार करत नाही.

पण दोन वर्षांत एकदाही न हरणारं यंत्र समोर वाढलेला वजीर का सोडील? भूतदया म्हणून?

४

खाजगीवाले व्हरांड्यात दुसरा उपमा संपवत होते.

"आज मी जिंकणार होतो," ते म्हणाले.

"कशावरून?"

"ते नाही सांगणार. डाव झाला नाही, मग युक्ती कशाला वाया घालवू?"

"सर, आत एका मुलाचं आयुष्य पणाला लागलंय. तुमची युक्ती राहू द्या, तुम्हाला काय दिसलं ते सांगा."

त्यांनी बशी खाली ठेवली आणि खिशातला छोटा घडीचा पट काढला. हे गृहस्थ लग्नालाही तो पट घेऊन जातात.

"दोन वर्षांत सेनापतीचं प्यादं तीनदा शेवटच्या रांगेत पोचलं. हे बघा, पहिल्यांदा इथे, कडेच्या घरात. ते घर कोणाचं?"

"हत्तीचं."

"त्यानं हत्ती घेतला. दुसऱ्यांदा इथे. घर कोणाचं?"

"उंटाचं. आणि त्यानं उंट घेतला."

"तिसऱ्यांदा राजाच्या घरात. राजा दुसरा कुठून आणणार? म्हणून वजीर. तेव्हा कोणाला काही वेगळं वाटलं नाही." त्यांनी पट मिटला. "पद्मजाबाई, याला संयम नाही म्हणत. माझे आजोबा असंच खेळायचे. देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचतं, तेच मोहरं होतं. मागायची सोय नाही. इंग्रजी खेळ आला आणि हा नियम गावोगावच्या पारांवर उरला. ज्यानं हा सेनापती बनवला, तो लहानपणी पारावर खेळलेला आहे. बाकीचे नवे नियम त्यानं पुस्तकातून नीट उतरवले. हा नियम पुस्तकात बघितलाच नाही."

"का नाही बघितला?"

"कारण तो आपल्याला येतो अशी त्याची खात्री होती. मुलं गणितात चुकतात ती कठीण पायरीला नाही, सोप्या पायरीला. चाळीस वर्षं तेच तपासत आलोय."

मी विचार केला. समोरच्याचं प्यादं आजवर शेवटच्या रांगेत पोचलंच नव्हतं, पण सेनापतीला वाटणार, तेसुद्धा तसंच बदलेल. घोड्याच्या घरात प्यादं निघालं तर तो म्हणणार, होऊन होऊन घोडा होईल, आणि निश्चिंत राहणार. मग समोरचा वजीर मागणार. यंत्रात तो भरायची सोयच नाही, सेनापती चारचौघांत अडकून बसणार.

"तुम्ही वजीर मागणार होतात?"

"ते अजून ठरवलं नव्हतं," म्हातारा म्हणाला. "लबाडी झाली असती जराशी."

"जयसिंगराव बुद्धिबळ कुठे शिकले?"

"बोर्डिंग शाळेत. इंग्रजी पुस्तकं वाचून. देशी खेळाचं नाव काढलं की नाक मुरडतात."

देशी बुद्धिबळ जाणणारा एक माणूस मला माहीत होता. श्रावणातल्या दुपारी माझ्याच डायनिंग टेबलावर त्यानं ते मला शिकवायचा प्रयत्न केला होता. परभणीच्या पारावर शिकलेला दिग्विजय.

५

चहा घेतला की माझं डोकं चालतं. दिग्विजयला तो नियम माहीत होता, कबूल. पण सेनापतीचा गाभा नव्वद सालचा. तेव्हा दिग्विजय शाळेत चड्डी सावरत होता. त्याला नियम माहीत असण्याचा अर्थ एवढाच की चूक त्याला *ओळखता* आली. शुक्रवारी त्यानं सरांना तीच सांगितली.

मग लिहिणारा कोण? जो पारावर खेळला होता, ज्याला बुद्धिबळाचं वेड होतं. त्याच्या फोटोला हार होता.

मी पितळी पाटी उचलली आणि न ठोठावता केबिनमध्ये गेले.

"जयसिंगराव, पाटी छान झालीये. कुठे करून घेतली?"

"बुधवार पेठेत. का?"

"कधी?"

त्यांनी पाटी माझ्या हातातून घेऊन टेबलावर उलटी ठेवली.

"तुम्हाला सकाळी कळलं, सेनापती पुसला गेला. मग नाइलाजानं निवृत्ती सुचली. आणि नाश्त्याच्या आत पाटी कोरून, घासून, मखमलीखाली तयार. आज रविवार, दुकानं बंद. पुण्यात साधी विजार शिवून मिळायला पंधरा दिवस लागतात हो. निवृत्ती आधी ठरली आणि पुसणं मागाहून झालं. आग लागायच्या आधीच गोदाम रिकामं होतं."

"हे तुम्ही बाहेर बोलणार आहात?"

"अजून माझं संपलं नाही. दिग्विजयनं शुक्रवारी चूक दाखवली. एवढ्या तेवढ्या दुरुस्तीसाठी कोणी आपलं दोन वर्षांचं नाव पुसत नाही. दुरुस्त करता येत असतं तर तुम्ही शनिवारीच केलं असतं. तुम्हाला येत नव्हतं. कारण ते तुम्ही लिहिलेलं नाही. वैजनाथनं लिहिलंय."

खुर्चीतला तो उंचापुरा माणूस बघता बघता खचला. चष्मा काढून तो नुसताच पुसत राहिला.

"माझ्या मशीनवर लिहायचा," शेवटी ते म्हणाले. "सदाशिव पेठेतल्या खोलीत. मशीन माझ्या वडिलांनी घेऊन दिलेलं. तो लिहायचा, मी शेजारी बसून चहा करायचो, चुका वाचून दाखवायचो. तो गेल्यावर कंपनी काढली. पहिल्या मुलाखतीत पत्रकारानं छापलं, शितोळ्यांनी बनवलेलं यंत्र. मला वाटलं, उद्या सांगू. मग गिऱ्हाइकं त्याच नावावर यायला लागली. खोटं एकदाही बोललो नाही पद्मजाताई. फक्त उद्यावर टाकत गेलो."

"आणि दिग्विजय?"

"तो म्हणाला, सर, एकच ओळ बदलायची आहे, तुमच्यासाठी पाच मिनिटांचं काम. ती ओळ कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं. त्याच्या हातात गाभा दिला असता तर त्याला लगेच कळलं असतं की हा हात माझा नाही. आणि खाजगीवाले सरांना हे दिसल्याशिवाय राहणार नव्हतं. सेनापती चारचौघांत अडकला असता, लोक म्हणाले असते, दुरुस्त करा. मी काय करणार होतो?"

"म्हणून त्या पोराच्या गळ्यात फास?"

"त्याला एकट्यालाच माहीत होतं." हे म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला.

"मशीन पुसलंत. पण शेवटची प्रत नाही पुसलीत."

"कशावरून म्हणता?"

"मेलेल्या मित्राच्या फोटोला चंदनाचा हार घालणारा माणूस त्याच्या हातचं पुसून टाकत नाही. तेवढा धीर तुम्हाला व्हायचा नाही."

त्यांनी किल्ली फिरवून खालचा खण उघडला. रुमालात बांधलेल्या काळ्या फ्लॉप्या. रुमाल स्वच्छ धुतलेला होता.

"माझ्या दोन अटी," मी म्हणाले. "आत्ता बाहेर येऊन सगळ्यांसमोर दिग्विजयला मोकळं करायचं. कारणासकट. आणि सेनापतीचा डाव लावायचा."

"हरेल तो."

"हरू द्या. इतकी वर्षं त्याला तेवढंच राहिलंय."

६

जयसिंगरावांनी सांगितलं. पायऱ्यांवर उभं राहून, सूट घामानं भिजलेला, पण सगळं सांगितलं. वैजनाथचं नाव घेतलं, स्वतः पुसल्याचं कबूल केलं, आणि दिग्विजयसमोर हात जोडले. दिग्विजय इतका अवघडला की त्यानंच त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला. पत्रकारांना शिखरापेक्षा हे जास्त आवडलं. एक मोठं गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात सोडून गेलं. खराडीला नवी जागा घ्यायचं ठरत होतं, ते राहिलं. दिग्विजयच्या व्हिसाचे कागद मात्र त्याच संध्याकाळी जयसिंगरावांनी सही करून त्याच्या हातात दिले.

डाव पुढच्या रविवारी झाला. या खेपेला उपमा नव्हता, पोहे होते.

सुरुवात करण्यापूर्वी खाजगीवाले माझ्याकडे वळले. "पंचबाई, माझी एक विनंती आहे. प्याद्याच्या बाबतीत यंत्राचाच नियम दोघांना लागू राहावा. त्याला येतो तोच खेळ मी खेळेन."

"म्हणजे तुमची युक्ती गेली की, सर."

"गेली तर गेली. तो चौसाळकर पोरगा पारावर बसून खेळायला बोलावतोय, आणि मी इंग्रजी पुस्तक काढून दाखवू?"

मी परवानगी दिली. पंच म्हणून असा निर्णय मी आयुष्यात एकदाच दिला.

डाव लांबला. पोहे संपले, चहा दोनदा झाला. सेनापती नेहमीसारखाच कोंडत, आवळत गेला. दोनदा मला वाटलं, म्हातारा गेला. खाजगीवाल्यांचं एक प्यादं मात्र कोणाच्या लक्षात न येता पुढे सरकत घोड्याच्या घरात पोचलं. रुपालीनं ते भरलं. यंत्रानं मुकाट्यानं घोडा दिला. त्या घोड्यानं उडी घेतली आणि एकाच वेळी राजाला शह आणि वजिरावर मारा. आणखी थोड्या चाली झाल्या, आणि सेनापतीच्या राजाला जायला घर उरलं नाही.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अपराजित यंत्र हरताना काय करायचं असतं हे कोणालाच माहीत नव्हतं. यंत्रानं मात्र पडदा काळा केला.

"बंद पडलं का?" मी विचारलं.

"नाही मॅडम," रुपाली म्हणाली. "काहीतरी येतंय. हे मी कधी पाहिलेलं नाही."

पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांत मराठी ओळी उमटल्या. तिनं त्या मोठ्यानं वाचल्या.

"हरलो. झकास खेळलात. हा खेळ आम्ही दोघांनी बनवला. जयसिंग आणि वैजनाथ."

हरल्याशिवाय ही ओळ दिसायची सोयच नव्हती. आणि जयसिंगरावांना सेनापतीला कधी हरवता आलं नव्हतं, कंपनीतल्याही कोणाला नाही. चहा करणाऱ्या मित्राचं नाव वैजनाथनं आधी लिहिलं होतं, स्वतःचं मागून.

जयसिंगराव पडद्यासमोर खाली बसले, सुटासकट, फरशीवरच. बराच वेळ त्यांनी ते वाचलं.

"माझंही नाव होतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं होतं. मीच याला हरू दिलं नाही."

रुपालीचा हात पडदा बंद करायच्या बटणाकडे गेला तसं दिग्विजयनं तिला थांबवलं. खाजगीवाल्यांनी सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या, आणि जयसिंगरावांना म्हणाले, "उठा शितोळे. चहा टाका बघू. तो तुम्हाला चांगला येतो म्हणे."

जयसिंगराव डोळे पुसत उठले आणि स्वयंपाकघरात गेले.